रॅम्पवरून उतरल्यावर

मॉडेल म्हणून माझं पहिलं खरं काम रॅम्पवरचं नव्हतंच. सुरतच्या एका साडी कॅटलॉगसाठी मी एका दिवसात ४८ साड्या नेसले. निऱ्या आधीच करून क्लिपा लावलेल्या, ब्लाउज मागून पिनांनी आवळलेला, एक साडी उतरली की लगेच दुसरी. रात्री अंघोळ करताना कमरेवर क्लिपांचे वळ दिसले. तरीही नवीन मुली विचारतात तेव्हा मी सांगते, कॅटलॉग करा. फोटोग्राफरने न सांगता मान किती वळवायची, हे तिथेच अंगात मुरतं.

पोर्टफोलिओवर आधीच हजारो रुपये घालू नका. बिनमेकअपचे, सपाट भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो पुरेत: समोरून, बाजूने, पाठमोरे. मापं खरी लिहा, फिटिंगच्या वेळी सगळं उघडं पडतं. काम मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला सरळ नमस्कार करा.

आणि कागद वाचा. हे मी कळकळीने सांगते, कारण मी वाचला नव्हता. मासिकाची जाहिरात म्हणून दागिन्यांचं एक शूट केलं, मेकअपच्या खुर्चीत बसल्या बसल्या सही केली. दोन वर्षांनी सांगलीला जाताना एसटीच्या खिडकीतून माझाच चेहरा होर्डिंगवर दिसला. कागदात ‘सर्व माध्यमे, कायमस्वरूपी’ असं लिहिलेलं होतं. त्या होर्डिंगचा एक रुपयाही मिळाला नाही. फोटो कुठल्या माध्यमात, कुठल्या भागात आणि किती मुदतीसाठी वापरणार, या तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात, तेही टीडीएस कापून. तेवढ्या दिवसांचं घरभाडं हाताशी हवं. मला त्या काळात कपड्यांच्या एका निर्यातदाराकडच्या फिट मॉडेलच्या कामाने तारलं. मास्टरजी अंगावरच्या कपड्यांवर खडूने खुणा करतात, आपण तासन् तास उभं राहायचं. नाव होत नाही, पण दर आठवड्याला काम असतं.

गाण्याकडे मी म्युझिक व्हिडिओमुळे वळले. स्लो मोशनचा शॉट नेहमीच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ४८ फ्रेमने घेतात, म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात आणि त्या वेगात ओठ जुळवायचे असतात. मी नुसते ओठ हलवत होते. कॅमेरामन म्हणाला, "मॅडम, गळा हलत नाहीये, खरंच गा." मग दादरला एका बाईंकडे शिकायला जाऊ लागले. पहिले कित्येक महिने फक्त सा. मी गायिका झाले नाही, पण श्वास पोटातून घ्यायला शिकले. तो श्वास नाटकात कामी आला.

नाटकाने मात्र मला पार सोलून काढलं. मॉडेलला प्रकाश कुठून येतोय हे पाठीलाही कळतं. तालमीत मी नकळत लाईट शोधत उभी राहायची. समोरचा नट बोलत असताना माझी हनुवटी प्रेक्षकांकडे. दिग्दर्शक एकदा तालीम थांबवून म्हणाले, "तू छान उभी आहेस. पण त्याचं ऐकत नाहीयेस." रॅम्पवर जे कमावलं ते इथे आड येत होतं. तीन आठवडे त्यांनी मला पाठमोरं बसवून संवाद म्हणायला लावले.

त्या दिवसांत मला प्रोतिमा बेदींचा आधार वाटायचा. साठ-सत्तरच्या दशकातल्या मुंबईतल्या गाजलेल्या मॉडेल. १९७५ मध्ये त्यांनी ओडिसी पाहिलं आणि पंचविशी उलटून गेल्यावर, जेव्हा नाच शिकायचं वय गेलं असं लोक म्हणतात तेव्हा, कटकला ओडिसीचे गुरू केलुचरण महापात्रांकडे जाऊन पहिल्या पाठापासून सुरुवात केली. पुढे १९९० मध्ये बंगळुरूजवळ त्यांचं नृत्यग्राम, नाच शिकवणारं गुरुकुल, उभं राहिलं. मिलिंद सोमणही आधी राष्ट्रीय पातळीचे जलतरणपटू होते, मग मॉडेल, मग नट. ‘गंध’ या मराठी चित्रपटात ते दिसले. एका क्षेत्रातला नावलौकिक पुढच्या दारापर्यंत नेतो, आत गेल्यावर आपण पहिलीतच असतो. ते पटकन मान्य केलं तर खूप वर्षं वाचतात.

चित्रकला अशीच अनपेक्षित आली. सीएसएमटीजवळच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व्यक्तिचित्रणाच्या वर्गासाठी बसायला बोलावलं. वीस-वीस मिनिटांची बैठक, मध्ये थोडी विश्रांती. कॅमेऱ्यासमोर क्षणभर सुंदर दिसलं की भागतं, इथे चेहरा हळूहळू सैल पडतो आणि मुलं तेच काढतात. विश्रांतीत मी इझलांमधून फिरले. बारा कागदांवर बारा वेगळ्या बायका होत्या. एकीच्या डोळ्यांखाली माझ्या आजीची सावली होती. ती कुठल्याच फोटोत कधी आली नव्हती.

येताना कोळशाच्या कांड्या घेतल्या. आई तेव्हा सांगलीहून आली होती, तिला खिडकीपाशी बसवलं. पाच मिनिटं बसली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली. चित्रात कपाळ, नाक आणि एक कान एवढंच आहे. ते मी फ्रेम करून लावलंय.