केळीचा पहिला कंटेनर नव्या देशात धाडण्याआधी

आयात-निर्यात कोड आणि अपेडाची (शेतमाल निर्यातीचं सरकारी मंडळ) नोंदणी झालेली असेलच. नसेल तर आधी ते करा, मग पुढचं वाचा.

जळगावातल्या सावद्याहून दिल्लीला माल भरणारे आपण, तिथे पार्टी फोनवर ओळखीची असते. नव्या देशातल्या खरेदीदाराकडून सगळं लेखी घ्या: केळाची जाडी, लांबी, फणीत किती केळी, पेटी किती किलोची. आखातात १३ किलोची पेटी चालते म्हणून सगळीकडे तीच चालेल असं धरून चालू नका. पेट्या छापून झाल्या आणि वजन बदललं, तर त्या घरी शेंगा भरायलाच कामी येतील.

पिलबागेचा (खोडव्याचा) बारीक माल नवतीत, म्हणजे नव्या लागवडीच्या मालात, मिसळायचा नाही. निसवणीला (घड बाहेर पडताना) रंगीत फीत बांधली असेल तर घडाचं वय कळतं. नसेल तर कापणाऱ्या टोळीच्या नजरेवर सोडू नका, जाडी मोजायचा कॅलिपर लावा. लांबच्या मालाला साधारण पाऊण भरलेलं केळं लागतं. टोळी म्हणेल, "आठ दिवस राहू द्या भो, वजन येईल." येईल की, आणि वाटेत पिवळंही होईल. कटाई पहाटे. मे महिन्याच्या उन्हात तापलेलं केळं पॅकहाउसला आणू नका. चीक काढणं, तुरटीचं पाणी, पंखे हे पॅकहाउसवाल्यांना येतं.

आता लॉगर. तापमान नोंदवणारं ते हातभर नाही, मुठीत मावणारं यंत्र. मागच्या खेपेला तेच राहिलं. माल पिवळा उतरला, पण कंटेनर कुठे तापला ते दाखवायला हाती कागद नव्हता आणि शिपिंग कंपनीने हात वर केले. कंटेनरच्या स्वतःच्या नोंदी त्यांच्या ताब्यात असतात. आपली नोंद आपल्याकडे हवी. न्हावाशेवा बंदरापर्यंतच्या रस्त्यात ड्रायव्हरने डिझेल वाचवायला जेनसेट (कंटेनर थंड ठेवणारा जनरेटर) बंद केला, तर ते आपल्याला फक्त लॉगर सांगतो. दोन घ्या: एक मधल्या रांगेत, एक दाराजवळ. बटण दाबून दिवा लुकलुकतो का ते स्वतः बघा, न दाबलेला लॉगर म्हणजे नुसतं प्लास्टिक. त्याचा नंबर पॅकिंग लिस्टवर टाका. दार उघडताच तो काढून नोंद पाठवायला खरेदीदाराला आधीच बजावा. आणि दार लावताना पुन्हा विचारा: लॉगर टाकला का?

माल भरण्याआधी प्रीकूलिंगच्या थंड खोलीत १३ ते १४ अंशांवर आणा. कंटेनर थंड केळं थंड ठेवतो, तापलेलं गार करणं त्याचं काम नाही. १३ च्या खाली गेलं तर साल काळवंडते. एकही पिकलेलं केळं आत नको.

कागदं: फायटोसॅनिटरी (माल रोग-किडीमुक्त असल्याचा दाखला), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती). प्रत्येकावर नाव, वजन, पेट्या एकसारखे. पैसे: काही आगाऊ, बाकी एलसीवर (खरेदीदाराच्या बँकेच्या हमीपत्रावर); नव्या पार्टीला उधारी देत असाल तर ईसीजीसीचं (निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) कवच घ्या. खराब मालाचे फोटो आले, तर पेटीवरचा आपला कोड त्यात दिसतोय का ते पाहा. दिसत नसेल तर एक रुपया कापू देऊ नका.