एरोजेलची लोणकढी थाप कशी मारायची

पोरांना एरोजेल, म्हणजे आतलं पाणी काढून तिथे नुसती हवा ठेवलेली अगदी हलकी सुकी जेली, समजावून सांगायला गेलात तर दोन मिनिटांत जांभया सुरू होतात, पण तेच थाप म्हणून सांगा, सगळी जवळ सरकून बसतात. मी भाचरांना असंच सांगते.

आधी खरी गोष्ट पक्की करा, थापेचा पाया तोच. अमेरिकेतल्या सॅम्युअल किस्टलरची म्हणे सहकाऱ्याशी पैज लागली, जेलीतलं पाणी काढायचं पण जेली आकसता कामा नये. नुसती वाळवली तर आकसणारच, कारण पाणी सुकता सुकता आतल्या नाजूक भिंती ओढून घेतं. त्याने पाण्याच्या जागी अल्कोहोल भरलं, बंद भांड्यात दाबाखाली इतकं तापवलं की द्रव आणि वायू यात फरकच उरला नाही, आणि मग ते हळूहळू सोडून दिलं. भिंती जागच्या जागी, आत नुसती हवा. १९३१ ला हे छापून आलं.

आता थाप. ताणायचं फक्त वजन, बाकी सगळं रोजच्या घरातलं ठेवायचं. माझी अशी असते: आमच्या मामाने असलीच जेली केली आणि वाण्याकडे विकायला नेली, काट्यावर ठेवली तर पारडं खाली जायच्या ऐवजी वरच गेलं, वाणी हिशोबाला पक्का, म्हणाला वजन उणे पाव किलो भरलं, म्हणजे पैसे तुम्हीच मला द्यायचे! मामाने मुकाट्याने दिले, आणि घरी येताना जेली छत्रीच्या दांड्याला बांधून आणली.

सांगताना हसायचं नाही. "पाव किलो" अगदी ठामपणे म्हणा, आकडा डळमळला की थाप गेली.

मग कोणीतरी विचारतंच, खरंच उडतं का गं? इथे थाप थांबवा आणि खरं सांगा, हा प्रश्न वाया घालवू नका. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठाने २०१३ मध्ये ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या अगदी पातळ पापुद्र्यांचा, एरोजेल केला, घन सेंटीमीटरला ०.१६ मिलिग्रॅम, आणि हवा तर साधारण १.२ भरते. तरी तो उडत नाही, कारण त्या आकड्यात छिद्रांमधली हवा धरलेलीच नाही, ती धरली की तो हवेपेक्षा जडच भरतो.

आणि किस्टलरने अंड्याच्या पांढऱ्या बलकाचाही एरोजेल केला होता हे शेवटी सांगा. माझी भाची मामाचं सगळं मानते, यावर मात्र म्हणते, चल, काहीही!