वीजबिलाची एपीके उघडली? आधी नेट तोडा

ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळला वीज महावितरणची, म्हणून ‘आज रात्री मीटर कापणार’ हा मेसेज आणि सोबतची एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप इन्स्टॉल करणारी) इथे सहज खरी वाटते. फाइल इन्स्टॉल झाली असेल तर सगळ्यात आधी एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद झालंय ना ते पाहा. असं अ‍ॅप तुमचे एसएमएस परस्पर चोराकडे पाठवतं, त्यात ओटीपीही जातो. म्हणून पासवर्ड बदलायची घाई त्याच फोनवर करू नका.

घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग, कार्ड, यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. मेसेज पुसू नका, तक्रारीला तो लागतो.

‘अनइन्स्टॉल’ दाबलं जात नसेल तर सेटिंग्जमधल्या ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ आणि ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मधून अ‍ॅपची परवानगी आधी काढा. आयकॉन दिसत नाही म्हणजे अ‍ॅप गेलं, असं मुळीच नाही. फोटो आणि तो मेसेज बाजूला काढून फॅक्टरी रीसेट करणंच खात्रीचं.