स्टँड-अप जेट स्कीचा दम गेलाय? कार्बच्या स्क्रूला हात लावायच्या आधी हे करा

मशीन उचलत नाही असं कुणाला सांगा, समोरचा लगेच म्हणणार, हाय स्पीडचा स्क्रू अर्धा फेरा उघड, बघ कशी पळते. काहीही न तपासता असे स्क्रू फिरवण्यापायी माझा एक अख्खा सीझन गेला आणि एक पिस्टनही गेला, म्हणून हे सविस्तर लिहितोय. इथलं सगळं टू-स्ट्रोक, कार्बवाल्या (कार्ब म्हणजे कार्बुरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) स्टँड-अपसाठी आहे. २०१७ पासूनची कावासाकी एसएक्स-आर आणि २०२१ पासूनची यामाहा सुपरजेट फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवाल्या आहेत, त्यांना कार्बच नाही.

सगळ्यात आधी दम इंजिनाचा गेलाय की पंपाचा (पाणी मागे फेकून मशीन पुढे ढकलणाऱ्या जेट पंपाचा), हे ठरवा. इंजिन जोरात किंचाळतंय, आरपीएम चढतायत पण मशीन पुढे जात नाही, तर कार्बकडे बघूच नका. इंपेलरची (पंपातल्या पंख्याची) पाती वाकलीत किंवा चेपलीत का, पाती आणि भोवतीच्या वेअर रिंगमधली फट वाढलीय का, इनटेकमध्ये दोरी किंवा गवत अडकलंय का ते बघा. हात घालण्याआधी लॅनयार्ड (ओढली की इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी) काढा आणि बॅटरी सोडा. आरपीएमच चढत नसतील तरच पुढे वाचा.

स्पार्क प्लग काढा. एक कोरडा आणि एक ओला निघाला तर एकच सिलिंडर काम करतोय, तिथला स्पार्क आणि प्लग कॅप बघा. कॅप स्क्रूसारखी वायरीत बसते, आत वायर हिरवी पडली असेल तर टोक थोडं कापून परत बसवा. मग थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून गेजनं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घ्या. दोन सिलिंडरमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर ट्यूनिंग विसरा, इंजिन उघडावं लागणार. एक्झॉस्टचा रबरी होजही आतून बघा. बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतला थर सुटून लोंबत असतो, धूर बाहेर जायला वाटच राहत नाही.

आता पेट्रोल. पाच-दहा मिनिटं चांगली पळून मग मशीन बसत असेल तर तिथेच टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि दम परत आला तर व्हेंट लाईनमधला व्हॉल्व्ह चोंदलाय किंवा उलटा बसवलाय. पेट्रोलचा कॉक ऑनवर असताना रडते आणि रिझर्व्हवर पळते, तर ऑनला टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीची जाळी चोंदलीय. आतून विरघळणाऱ्या जुन्या करड्या लाईन असतील तर आजच फेकून द्या, त्यांचा हिरवट चिकटा कार्बच्या आतल्या बारीक जाळीवर जाऊन बसतो आणि वरून काही दिसत नाही.

यानंतर हवेची गळती, आणि ही पायरी टाळणाऱ्याला मी ट्यूनिंगला मदत करत नाही. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या इंजिनाच्या कवचात) ८ ते १० पीएसआय हवा भरा आणि काटा बघत बसा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा: कार्बखालचं गॅस्केट, रीड केजची (इनटेकच्या रीड व्हॉल्व्हच्या चौकटीची) कडा, पल्स लाईनचा (क्रँककेसचा दाब फ्युएल पंपाला नेणाऱ्या नळीचा) सांधा, क्रँकचे सील. गळकं इंजिन स्क्रूनं दुरुस्त होत नाही. वरवर बरं वाटतं आणि नेमकं फुल थ्रॉटलला जाम होतं.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच कार्ब खोला, आणि खरी अडचण इथेच आहे. मी मोटरसायकलच्या कार्बवर शिकलेला माणूस, माझ्या डोक्यात फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) बसलेला. या कार्बमध्ये फ्लोट नाही, कारण मशीन उलटी झाली तरी चालायला पाहिजे. फ्युएल पंपाकडून येणारं पेट्रोल एक छोटी नीडल अडवून धरते, नीडलला एक लिव्हर, लिव्हरखाली स्प्रिंग. इंजिन ओढ घेतं तसा डायफ्रॅम (पातळ लवचिक पडदा) आत येतो, लिव्हर दाबतो, नीडल उघडते. किती दाबाला उघडते त्याला पॉप-ऑफ म्हणतात. सुरुवातीच्या थ्रॉटलचा पिकअप लो स्पीड सर्किट (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारी वाट, लो स्क्रू तिचाच) आणि हा पॉप-ऑफ ठरवतात, हाय स्पीड स्क्रूचा तिथे फारसा संबंध येत नाही. तो अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे काम करतो.

माझं नेमकं इथेच चुकलं. एक स्वस्त रिपेअर किट घातलं होतं, त्यातली स्प्रिंग जुनीपेक्षा कडक होती आणि दोन्ही दिसायला सारख्याच. पॉप-ऑफ वाढला, पाव थ्रॉटलला मशीन गचका खाऊन बसायला लागली. एका मेकॅनिकनं नुसता धूर बघून सांगितलं की पेट्रोल जास्त होतंय, लो स्क्रू बंद कर. मी केला, वर हाय स्क्रूही थोडा आत घेतला, आणि तशीच फुल्ल पळवली. सिलिंडर काढला तेव्हा पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, रिंग ॲल्युमिनियममध्ये गाडली गेलेली. प्रीमिक्समध्ये (आधीच ऑइल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये) ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, हे कायम लक्षात ठेवा.

म्हणून किटमधली स्प्रिंग कधीच डोळे झाकून घालू नका. मिकुनीच्या सुपर बीएन कार्बला ६५, ८०, ९५ आणि ११५ ग्रॅमच्या स्प्रिंग येतात आणि नीडल सीटही वेगवेगळ्या मापाच्या येतात. तुमच्या मशीनला काय हवं ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, तेच घाला. स्प्रिंग ताणून किंवा कापून पॉप-ऑफ जुळवायचा उद्योग अजिबात करू नका. आज जुळलेला दिसतो, पुढच्या आठवड्यात काटा वेगळंच दाखवतो. पॉप-ऑफ मोजायला पेट्रोल इनलेटला हातपंप आणि गेज लावा, नीडल आधी हलक्या तेलानं ओली करा (कोरडी नीडल खोटा आकडा देते), आणि हळूहळू दाब द्या. टक्‌ करून उघडेल तो आकडा लिहा. तीनदा करा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत, आणि त्या आकड्याच्या बऱ्याच खाली काटा स्थिर उभा राहिला पाहिजे. हळूहळू उतरत असेल तर नीडल आणि सीट दोन्ही बदला, नुसती नीडल नको.

दुसरी गोष्ट लिव्हरची उंची. सुपर बीएनमध्ये लिव्हर चेंबरच्या तळाशी समपातळीत हवा. एक सरळ पट्टी आडवी धरा आणि उजेडाकडे बघा. खाली राहिला तर पेट्रोल कमी पडतं, वर राहिला तर कार्ब ओव्हरफ्लो होतो. वाकवायचा असेल तर नीडल सीटवर दाबली जाणार नाही असा लिव्हर धरून अगदी केसभर वाकवा. जोडी कार्ब असतील तर दोन्हीचे लिव्हर आणि पॉप-ऑफ सारखे करा, आणि दोन्ही बटरफ्लाय (थ्रॉटलबरोबर उघडणाऱ्या झडपा) एकाच क्षणी हलतात का बघा.

आता पाण्यावर. ट्रेलरवर होज लावून केलेलं ट्यूनिंग खोटं असतं, कारण पंपावर लोडच नसतो. होजवर नुसतं चालू करून बघायचं असेल तर आधी इंजिन चालू करा आणि मग पाणी सोडा, बंद करताना आधी पाणी आणि मग इंजिन, नाहीतर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये जातं. सुरू करण्याआधी हूड उघडून पेट्रोलची वाफ जाऊ द्या. ट्यूनिंग मात्र हूड लावूनच तपासायचं, हूड काढलं की हवा जास्त मिळते आणि सगळा हिशोब बदलतो.

दोन्ही स्क्रू बोटानं टेकेपर्यंत आत फिरवा, आवळू नका, टोक दबलं की कार्ब वाया. तिथून मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे बाहेर. सुपर बीएनवर दोन्ही स्क्रू बाहेर काढले की पेट्रोल वाढतं. इंजिन पाण्यावर नीट गरम झालं की लो स्क्रू एकावेळी आठवा भाग फेरा, प्रत्येक वेळी थोडा वेळ आयडलवर सोडून एकदम थ्रॉटल दाबून बघा. आवाज बसला, पोकळ ‘ब्वॉऽ’ असा आला आणि धूर नाही, तर पेट्रोल कमी पडतंय. भडभडत, धूर सोडत अडखळली आणि मग मोकळी झाली, तर जास्त होतंय. कानावर भरवसा नसेल तर गचक्याच्या क्षणी चोक किंचित ओढा किंवा प्रायमर (हातानं जादा पेट्रोल सोडणारा छोटा पंप) मारा. उचलली तर पेट्रोल कमी होतं, अजून मेली तर जास्त होतं. मला ही युक्ती आधी कळली असती तर तो पिस्टन वाचला असता. लो स्क्रू बराच फिरवूनही गचका जात नसेल तर पायलट जेट (लो सर्किटचं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र) किंवा पॉप-ऑफकडे परत जा.

हाय स्क्रू शेवटी, आणि नेहमी जास्त पेट्रोलच्या बाजूनं सुरू करून पाव-पाव फेरा आत. तीन फेऱ्यांपेक्षा बाहेर जावं लागतंय म्हणजे जेट लहान आहे, मोठा घाला. नवे प्लग लावून थोडं लांब फुल थ्रॉटल पळवा, थ्रॉटल न सोडता तशीच लॅनयार्ड ओढून बंद करा आणि प्लग काढून बघा. तपकिरी हवा. पांढुरका दिसला तर तिथेच थांबा, काठापर्यंत ढकलत न्या, चालू करून नेऊ नका. सगळ्यात वेगवान वाटणारं सेटिंग बहुतेकदा सगळ्यात धोक्याचं असतं. मी त्यावरून पाव फेरा परत उघडतो आणि तो जरासा कमी झालेला वेग आनंदानं सोडतो.

हे सेटिंग ज्या हवेत केलं त्या हवेपुरतं धरा. थंडीत हवा दाट होते, मशीन लीन होते (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं), गार सकाळी निघताना हाय स्क्रू थोडा उघडा. प्रीमिक्सचं प्रमाण बदललं किंवा एक्झॉस्ट बदलला तरी परत प्लग बघा. फेरे, जेटचे नंबर, पॉप-ऑफचा आकडा आणि त्या दिवशीचं तापमान हूडच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करनं लिहून ठेवा.