जुन्या रायफलचा दस्ता पुन्हा पॉलिश करावा का? आणि करायचाच तर कसा

दस्त्यावरचे मूळ पॉलिश शाबूत असेल आणि तो घासून नव्याने पॉलिश केला, तर रायफलची किंमत उतरते. पण दस्ता आधीच कुणी घासलेला असेल, त्यावर अलीकडचे चकचकीत पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखे व्हार्निश) थापलेले असेल किंवा तो मोडलेला असेल, तर नीट केलेल्या कामाने सहसा नुकसान होत नाही. म्हणून पॉलिशचा डबा उघडण्याआधी हातातला दस्ता यांपैकी कोणता, हे ठरवायचे.

संग्राहक कसे बघतात, ते अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेच्या प्रतवारीवरून कळते. पुरातन बंदुकांच्या या प्रतवारीत थोडे ओरखडे, थोडे ठोके असलेले लाकूड ‘व्हेरी गुड’मध्ये बसते. पुन्हा पॉलिश केलेले लाकूड मात्र एक पायरी खाली, ‘गुड’मध्ये जाते. लाकडाच्या आणि धातूच्या कडा गोल झाल्या असतील तर आणखी खाली, ‘फेअर’मध्ये. म्हणजे कुणी हात न लावलेला, खरचटलेला दस्ता आरशासारख्या चमकणाऱ्या दस्त्यापेक्षा वरचा.

आधी तपासणी

उदाहरणाला ली-एन्फिल्ड ही जुनी ब्रिटिश सैन्याची रायफल घेऊ. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली थ्री नॉट थ्री. तिचा 1907 चा मार्क 3 हा नमुना बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही बनला. दस्ता बहुतेक अक्रोडाचा, त्याला कच्चे जवसाचे तेल पाजलेले.

पहिली गोष्ट, रायफल रिकामी आहे का ते बघा. मॅगझिन काढा, बोल्ट (मागेपुढे सरकणारा खटका) उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, बोट घालून खात्री करा. कागदपत्रेही तपासा. बंदूक जुनी आहे एवढ्यावर 1959 चा शस्त्र कायदा सूट देत नाही. कलम 45 मधली सवलत दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारांपुरती आहे. दुरुस्तीला द्यायची तर परवानाधारक कारागिराकडेच द्या, कोपऱ्यावरच्या सुताराकडे नाही.

आता लाकूड आणि धातू जिथे भेटतात, तिथे नख फिरवा. न घासलेल्या दस्त्यावर बट प्लेटच्या (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीच्या) कडेला लाकूड धातूच्या बरोबरीने किंवा किंचित वर असते. ते धातूपेक्षा खाली गेले असेल, तर कुणीतरी पॉलिश पेपर चालवलेला आहे. दस्त्याच्या उजव्या बाजूला पितळी चकती असेल तर तीही साक्ष देते: लाकूड घासले की चकती उंच राहते किंवा तिच्याभोवती लाकूड उतरते झालेले दिसते. शेवटी कारखान्याचे आणि तपासनिसांचे ठसे बघा. अंधारात बॅटरी आडवी धरली की पुसट ठसेही दिसतात. इशापूरच्या कित्येक रायफलींच्या पुढच्या, नळीखालच्या लाकडात आडवा मजबुतीचा स्क्रू असतो. तो गावठी दुरुस्ती समजून काढू नका. सैन्यातल्या कारागिराने बसवलेली ठिगळे आणि पितळी खिळेही तसेच राहू द्यात. ते त्या रायफलचे चरित्र आहे.

पॉलिश कोणते, हे ओळखायला बट प्लेटखालच्या झाकल्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावा. काही सेकंदांत चिकट झाले तर लाखेचे पॉलिश. काहीच झाले नाही तर बहुधा तेल, नाहीतर आधुनिक व्हार्निश. नखाने खरवडल्यावर प्लास्टिकसारखी पापडी निघाली तर व्हार्निश.

मूळ पॉलिश असेल तर: फक्त सफाई

1. चारही बाजूंचे आणि प्रत्येक ठशाचे जवळून फोटो काढा.

2. दस्ता शक्यतो उतरवू नका. उतरवायचाच असेल तर पुढचे लाकूड आधी काढा, मगच दस्ता धरून ठेवणारा, त्याच्या आतला लांब स्क्रूसारखा बोल्ट फिरवा. या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला, तर ते मागून फाटते. ली-एन्फिल्डची बरीच लाकडे अशीच फुटतात. स्क्रू ड्रायव्हरचे टोकही खाचेत गच्च बसणारे घ्या. खाच सोलली की तीही किंमत खाते.

3. मऊ सुती फडक्यावर थोडे मिनरल टर्पेंटाइन घेऊन वितभर जागा पुसा, लगेच कोरड्या फडक्याने टिपा. फडके काळे व्हायचे थांबले की थांबा. काळसर मळ पूर्ण काढायचा हट्ट नको. त्यात हातांच्या वापराने आलेली जुनी झाकही निघून जाते.

4. ठोका पडून दबलेली जागा ओल्या फडक्यावर गरम इस्त्रीचे टोक दोन-तीन सेकंद ठेवून वाफेने उचलता येते. पण ठसा म्हणजेही दाबलेले लाकूडच. वाफ लागली की तोही फुगून पुसट होतो. ठशापासून निदान दोन इंच लांब राहा. मूळ पॉलिश चांगले असेल तर वाफ वापरूच नका, पॉलिशवर पांढरे डाग पडतात.

5. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून बनणाऱ्या बारीक कणांच्या मेणाचा) पातळ हात. संग्रहालयांत यासाठी रेनेसान्स वॅक्स वापरतात. ते ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झाले.

पॉलिश आधीच बिघडवलेले असेल तर

व्हार्निश पेस्टसारख्या रिमूव्हरने काढा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. पॉलिश पेपर अजिबात नको. कॉस्टिक सोडा किंवा ओव्हन क्लीनरही नको: अक्रोडातले टॅनिन (तुरट द्रव्य) त्याने काळे पडते आणि तंतू सैल होतात. स्टील वूलचे बारीक कण लाकडात राहिले की दमट हवेत गंजतात आणि टॅनिनशी मिळून काळे ठिपके उमटतात. त्याऐवजी नायलॉनची घासणी घ्या.

वर्षानुवर्षांचे बंदुकीचे तेल मुरून लाकूड काळे आणि मऊ झाले असेल, तर खडूची भुकटी टर्पेंटाइनमध्ये कालवून घट्ट लेप द्या, वाळल्यावर ब्रशने झाडा. असे तीन-चार वेळा करावे लागते. भर उन्हात ठेवू नका, लाकूड तडकते.

मग जवसाचे तेल. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे, पुढचे नुसत्या तेलाचे. प्रत्येक वेळी चमचाभर पुरे. तळहाताने चोळा, अर्ध्या तासाने राहिलेले तेल पूर्ण पुसून काढा, पुढच्या हाताआधी निदान एक दिवस जाऊ द्या. पुसायचे राहिले तर चिकट साय धरते आणि कोकणातल्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा.

मुठीजवळची चीर जनावरी सरसाने जोडा. गरम पाण्याने तो पुन्हा सोडवता येतो, इपॉक्सीचा जोड सोडवता येत नाही. दस्ता पूर्ण मोडला असेल तर दुसरा बसवा, पण मूळ तुकडे जपून ठेवा.

बंदुकीला तेल दिल्यावर ती काही दिवस नळी खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल दस्त्यात उतरणार नाही. विकताना काय केले आणि कशाने केले याची चिठ्ठी आधीच्या फोटोंसह घेणाऱ्याला द्या.