वाळूत बोअर घेताना भोक ढासळू नये म्हणून

कोकण किनारपट्टीच्या वाळूत हात-ऑगरने (हाताने फिरवून जमिनीत भोक पाडायचं अवजार) उथळ बोअर घेणं सोपं, पण पाणी लागलं की भोक आत ढासळायला लागतं. तिथून पुढे ऑगर चालवूच नका.

1. पाणी लागेपर्यंतच ऑगर वापरा. मग 6 इंची जाड पीव्हीसी पाइप भोकात उभा सोडा.

2. 3 इंची पाइपच्या तुकड्याच्या बुडाला रबराची आत उघडणारी झडप बसवा, वरून दोर बांधा. मोठ्या पाइपच्या आत हा तुकडा भराभर खाली-वर आपटला की वाळू झडपेतून आत शिरते. भरला की ओढून रिकामा करा. एकाने वाळू काढायची, दुसऱ्याने पाइप हलवत खाली दाबायचा.

3. हे करताना पाइपमध्ये वरून सतत पाणी ओतत राहा. खरी मेख इथेच आहे. आतलं पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा उंच असेल तर बुडातून वाळू उसळत नाही. पातळी उतरली की काढली तेवढी वाळू पुन्हा वर येते आणि सगळी मेहनत वाया जाते.

4. शेवटी बुडाला बूच लावलेला, खालच्या भागात करवतीने चिरा पाडून नायलॉन जाळी गुंडाळलेला 4 इंची पाइप आत सोडा. भोवती बारीक खडी टाकत बाहेरचा पाइप हळूहळू वर ओढून घ्या.

हे काम मे महिन्यात करावं, तेव्हा पाणी सगळ्यात खाली असतं.

समुद्र जवळ असेल तर फार खोल जाऊ नका. वर गोडं पाणी असतं, त्याखाली खारं.