क्रीपच्या अभ्यासाला बसण्यापूर्वी

व्हीएनआयटीत किंवा नागपुरातल्या दुसऱ्या कॉलेजात मेटलर्जी शिकताय आणि निकेल सुपरअलॉयवर (भयंकर उष्णतेतही ताकद टिकवणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूवर) प्रोजेक्ट घ्यायचं मनात आहे? मग लार्सन-मिलरचे आलेख (कुठल्या तापमानाला धातू किती वेळ टिकेल, याचा अंदाज देणारे) काढायच्या आधी डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रांगांमधला सरकणारा दोष, नेमकं कुठे अडतं, ते समजून घ्या. बहुतेकजण उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि व्हायव्हाला पहिल्याच ‘का?’वर गप्प होतात.

निकेल १४५५ अंशांना वितळतं. टर्बाइनचं ब्लेड १००० अंशांच्या आसपास तापलेलं असताना फिरण्याचा ताणही सोसतं. एवढ्या उष्णतेत धातू यील्डपेक्षा (ज्या ताणाला तो कायमचा ताणला जाऊ लागतो, त्यापेक्षा) कितीतरी कमी ताणावरही हळूहळू लांबत राहतो, हाच क्रीप. त्याला रोखून धरतात ते सुपरअलॉयच्या आतले गॅमा प्राइम नावाचे बारीक घनाकृती कण. तीन निकेलला एक ॲल्युमिनियम, प्रत्येक अणूची जागा ठरलेली. एकटं डिसलोकेशन कणात शिरलं की ही रचना बिघडते आणि त्याला ऊर्जा मोजावी लागते. म्हणून डिसलोकेशनं जोडीने शिरतात : पहिलं बिघडवतं, दुसरं पूर्ववत करतं.

खरी गंमत पुढे आहे. गॅमा प्राइम तापवला की सुमारे ७००-८०० अंशांपर्यंत त्याची ताकद वाढत जाते! उष्णतेमुळे स्क्रू डिसलोकेशनचा (डिसलोकेशनच्या एका प्रकाराचा) काही भाग नेहमीचं प्रतल सोडून घनाच्या प्रतलावर सरकतो आणि तिथेच अडकून बसतो. याला केअर-विल्सडॉर्फ लॉक म्हणतात. हे वहीत स्वतः काढून बघा, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही.

आणखी वर, हजार अंशांच्या आसपास, सिंगल क्रिस्टल (अख्खं एकाच स्फटिकाचं) ब्लेडमध्ये हे घन एकमेकांना जुळून ताणाला आडव्या पट्ट्या होतात, हेच राफ्टिंग. एसईएममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा ताण कुठल्या दिशेने होता, हे फोटोच सांगतो.

प्रत्यक्ष चाचणीत तापमानाला जपा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) गेज लेंग्थला, म्हणजे नमुन्याच्या मोजमापाच्या मधल्या भागाला, नीट टेकलेलं हवं. काही अंशांच्या फरकानेही क्रीपचा वेग बदलतो. फर्नेसला पॉवर बॅकअप आहे का, हे आधीच विचारा. मध्येच वीज गेली तर तो नमुना निकालात धरता येत नाही.

नोकरीसाठी हैदराबादच्या डीएमआरएल (संरक्षण खात्याची धातू संशोधन प्रयोगशाळा) आणि मिधानी (खास मिश्रधातू बनवणारी सरकारी कंपनी) यांच्याकडे लक्ष ठेवा.

आणि सगळे नमुने तुटेपर्यंत ओढू नका. एक-दोन चाचण्या मध्येच थांबवा आणि नमुना भार न काढता थंड करा, म्हणजे आतली डिसलोकेशनं होती तशीच राहतात आणि टीईएमखाली (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) बघता येतात.